गेलो, गेला आणि इंग्रजीचा तास

लाल शाईची एक खूण माझ्याकडे गेली ३५ वर्षे पडून आहे. दुरेघी वही, आठवीची, पहिल्या पानावर भाताच्या खळीने चिकटवलेले लेबल. १९८९ च्या जूनमध्ये मी घाटावरून मालवण किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झालो. त्याच वर्षीची ही वही. वर्गात पूर्ण वर्तमानकाळ चालू होता आणि मी भाषांतरासाठी दहा वाक्ये फळ्यावर लिहून दिली होती. त्यातल्या एकात मूळ पुस्तकी नमुन्याप्रमाणे वडील मुंबईला गेलेले होते. मुलांना वाक्य जवळचे वाटावे म्हणून मी मुंबई पुसून मालवण घातले. 'फादर हॅज गॉन टू मालवण.' एका मुलीने लिहिले, 'बापूस मालवणाक गेलो हा.' मी 'बापूस' खाली रेघ मारली, 'मालवणाक' दुरुस्त केले, 'गेलो हा' वर फुली मारली, वर 'गेला आहे' लिहिले आणि समासात शेरा दिला: 'पुरुष चुकला.'

पुरुष चुकला नव्हता. प्रमाण मराठीत 'गेलो' म्हटले की कर्ता 'मी' असतो, म्हणून मला वाटले की पोरीने तृतीय पुरुषाच्या जागी प्रथम पुरुष घातला. मालवणीत 'गेलो' हा तोच गेलेला असतो. 'तो गेलो, ती गेली, ता गेला.' आणि 'मी' साठी 'गेलंय'. वाक्याच्या शेवटी जो 'हा' मला निरर्थक दर्शक सर्वनाम वाटला, तो 'आहे' होता. 'बापूस खंय हा?' असे दारात उभे राहून विचारतात, तोच 'हा'. म्हणजे इंग्रजीतल्या 'हॅज गॉन' ची जी जोडणी मी दोन आठवडे फळ्यावर ठोकत होतो, ती या मुलीने अचूक उचलली होती. तिने 'हॅज' च्या जागी 'हा' आणि 'गॉन' च्या जागी 'गेलो' बसवले होते. वर्गातल्या पन्नासेक मुलांत इंग्रजी वाक्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत नेणारी बहुधा ती एकटीच असावी. बाकीच्यांनी फळ्यावरचा नमुना उतरवला होता आणि त्यांना पूर्ण गुण मिळाले.

ही वही परत द्यायची राहून गेली. पण हा लेख कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. मला प्रश्न पडला आहे तो समीक्षेचा. मराठी माध्यमाच्या शाळेतला इंग्रजीचा तास हा एक वाङ्मयप्रकार मानला, तर त्यात नेमके काय लिहिले जाते आणि कोणत्या भाषेत? कवितेची, कादंबरीची, आत्मचरित्राची चिकित्सा आपण करतो. पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य साक्षरांनी वर्षानुवर्षे रोज ३५ मिनिटे ज्या गद्यात घालवली, त्या गद्याकडे कोणी गद्य म्हणून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

तासाचे रूप माझ्या नोकरीच्या सुरुवातीला असे होते. शिक्षक धडा मोठ्याने वाचतो. मुले इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून घेतात. मग शिक्षक एकेक वाक्य वाचून 'अर्थ सांगतो'. हा अर्थ म्हणजे ना भाषांतर ना स्पष्टीकरण, एक तिसरीच चीज. 'देअर वॉज अ किंग, एक राजा होता, हू वॉज व्हेरी क्रुएल, जो फार क्रूर होता, अँड ही हॅड, आणि त्याला होत्या, थ्री डॉटर्स, तीन मुली.' असा तो कीर्तनकाराच्या झीलकऱ्यासारखा वाक्याच्या मागून पळत येतो. घंटा होण्याआधी शब्दार्थ, प्रश्नोत्तरे, आणि उत्तरे 'गाईडात आहेत ती लिहा'. निबंध पाठ करायचे. पावसाळ्यातला दिवस असो की शाळेचे स्नेहसंमेलन, वर्गातल्या सगळ्यांचा पाऊस एकाच वेळी सुरू होऊन एकाच वाक्याला थांबायचा. बाहेर किनाऱ्यावर जूनमध्ये समुद्र खवळलेला, होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या, आणि निबंधात मात्र शेतकरी आनंदाने आकाशाकडे बघत उभा. निम्मा वर्ग मासेमारी करणाऱ्या घरांतला. त्यांच्याकडे पाऊस म्हणजे बंदी, उधारी आणि सुकी मासळी. ते त्या निबंधात कधीच आले नाही.

या गद्याचा मूळपुरुष कोण, असे विचारले तर बोट आपोआप तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेकडे जाते. (पहिले मराठी व्याकरणकार म्हणून ज्यांचा गौरव होतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर वेगळे. त्यांचे व्याकरण १८३६ चे. आडनावामुळे घोटाळा होतो.) पाठमालेची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: नियम, शब्द, मग इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करायची सुटी सुटी वाक्ये. त्या वाक्यांची थट्टा करून मराठी विनोदाने बरीच वर्षे गुजराण केली आहे. मला ती थट्टा थोडी कृतघ्नपणाची वाटते, कारण ज्यांनी ती केली ते याच पुस्तकांवर इंग्रजी शिकले. पण पाठमालेचा आणि तिच्या वारसांचा खरा परिणाम इंग्रजीवर झाला नाही. तो मराठीवर झाला, आणि त्याची मोजदाद अजून बाकी आहे.

कर्मणी प्रयोगाचेच घ्या. 'अ मँगो इज ईटन बाय रामा' चे 'रामाकडून आंबा खाल्ला जातो' हे मी स्वतः शेकडो वेळा फळ्यावर लिहिले. कुठल्या रामाने, कुठल्या घरात, कधी असे म्हटले असेल? मराठीत 'माझ्याकडून आंबा खाल्ला गेला' असे कोणी म्हणालेच, तर तो पथ्य मोडल्याची कबुली देत असतो. आपल्या भाषेत या रचनेला अनवधानाचा, हातून घडून गेल्याचा अर्थ आहे. इंग्रजीच्या तासाने तो पुसून टाकला आणि रचना फक्त कर्ता लपवण्यापुरती ठेवली. पुढे हीच मुले वार्ताहर झाली, कारकून झाली, अधिकारी झाली. मग 'पोलिसांकडून तपास केला जात आहे' आणि 'प्रशासनाकडून पाहणी करण्यात येत आहे' या वाक्यांनी वर्तमानपत्रे भरली. वर्तमानपत्री मराठीवर इंग्रजीचे आक्रमण झाले अशी तक्रार आपण करतो, पण ते आक्रमण परक्या पुस्तकांतून कमी आणि आपल्याच शाळेतल्या 'अर्थ सांगण्या'तून जास्त झाले, असे माझे मत आहे. 'ती मुलगी जी तिथे उभी आहे' ही रचना कुणा साहेबाने शिकवलेली नाही. ती माझ्यासारख्यांनी शिकवली.

तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या मुलासाठी इंग्रजीचा तास हा आधी प्रमाण मराठीचा तास असतो. इंग्रजी समजले की नाही याची परीक्षा प्रमाण मराठीत द्यायची असते, आणि ती त्याची घरची भाषा नाही. काळ शिकवताना हे फार जाणवते. आमचा मंत्र असा: '-तो' आले तर साधा वर्तमानकाळ, '-त आहे' आले तर चालू वर्तमानकाळ. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला हा मंत्र कामाला येतो. मालवणीत 'तो जेवता' म्हटले की तो रोज जेवतो की आत्ता जेवतो आहे, हे प्रसंगावरून कळते. 'मी जातंय' हे रोजच्या जाण्याला चालते आणि निघालेल्या पावलालाही. 'मी रोज शाळेत जातंय' म्हणणारा मुलगा जेव्हा 'आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे' लिहितो, तेव्हा त्याने मंत्र पाळलेलाच असतो. 'जातंय' त्याला 'जातोय' सारखे ऐकू आलेले असते, मलाही तसेच येत होते. ही चूक भारतभर सगळ्या भाषांतली मुले करतात, त्यामुळे खापर एकट्या मालवणीवर फोडता येणार नाही. पण चूक कुठून येते हे शोधायला शिक्षकाला मुलाची भाषा यावी लागते, आणि शिक्षणशास्त्राच्या पदवीला आम्हाला ती कोणी शिकवली नाही. मी ती मासळी बाजारात शिकलो. तिथे माझे 'कसे दिले?' ऐकून बायका हसायच्या आणि भाव चढवायच्या.

या प्रश्नाला याच जिल्ह्यात एक जुने उत्तर आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून आपण त्याला दरवर्षी हार घालतो. समीक्षकाच्या नजरेला मात्र त्याचे पान महत्त्वाचे आहे: एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. तेव्हाच्या इंग्रजी शिकणाऱ्या तरुणाने हे पान कसे वाचले असेल याची मी नेहमी कल्पना करतो. डोळा आडवा सरकतो, इकडून तिकडे आणि पुन्हा इकडे. दोन्ही स्तंभ पूर्ण, दोन्ही आपापल्या पायांवर उभे. माझ्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकात मराठी इंग्रजीच्या डोक्यावर पेन्सिलीने बसलेली असते, खोडरबराने पुसली जाईल अशी. तिला स्वतःचे वाक्य नाही, शब्दाशब्दाची थिगळे आहेत. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्यात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे की देशी भाषा, यावरून अर्स्किन पेरी एका बाजूला आणि कर्नल जर्व्हिस व नाना शंकरशेट दुसऱ्या बाजूला असा मोठा झगडा झाला. आजचे वाद त्याच्याच आवृत्त्या आहेत. जांभेकर १८४६ मध्येच गेले. त्यांच्या पानाने त्या झगड्याच्या आधीच तिसरी वाट दाखवली होती: एक भाषा दुसरीची हमाल न होता दोघी शेजारी नांदू शकतात.

दुसरे उदाहरण शिरोड्याचे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. १९२० मध्ये वि. स. खांडेकर शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. शाळेच्या नावातल्या 'इंग्लिश' कडे थोडे थांबून पाहायला हवे. १८८० मध्ये पुण्यात चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी काढलेल्या शाळेचे नाव न्यू इंग्लिश स्कूल, आणि तेव्हापासून कोकणातल्या खेड्यापाड्यांत त्याच नावाच्या पाट्या लागल्या. आजही लाल मातीच्या रस्त्यावर अशा पाट्या दिसतात आणि आत सगळे मराठीतून चाललेले असते. इंग्रजी ही माध्यम नव्हती तेव्हाही आणि नाही तेव्हाही, ती वचन म्हणून पाटीवर राहिली. शिरोड्याच्या त्या शाळेत खांडेकरांनी अठरा वर्षे काढली. १९३० चा मिठाचा सत्याग्रह त्याच गावात झाला. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' या कादंबऱ्या याच काळातल्या, आणि सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकातले त्यांचे लेखनही.

मराठी लघुनिबंधावर इंग्रजी ललित निबंधाचा प्रभाव आहे, हे समीक्षकांनी सांगून झाले आहे. फडके आणि खांडेकर ही दोन नावे त्या संदर्भात जोडीने येतात. पण खांडेकरांच्या बाबतीत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते: हा प्रभाव शाळामास्तरावर झालेला आहे. दिवसा वर्गात इंग्रजी गद्य उलगडून सांगायचे आणि रात्री कंदिलाशी स्वतःचे मराठी गद्य लिहायचे, या दोन कामांत ये-जा झाल्याशिवाय राहील का? लॅम किंवा गार्डिनर यांचा निबंध वर्गात 'अर्थ सांगून' मारता येतो. तो घरी नेऊन, विसरून, आपल्या गावच्या एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर तशाच सैलपणे लिहायला बसले की मराठीला नवा प्रकार मिळतो. जांभेकरांच्या दोन स्तंभांची हीच पुढची पायरी मानावी लागेल. इथे इंग्रजी स्तंभ छापलेला नाही, लेखकाच्या डोक्यात आहे.

तरीही माझी तक्रार इथेच सुरू होते. खांडेकरांच्या गद्यात शिरोड्याचा समुद्र आहे, माड आहेत, दारिद्र्य आहे, पण शिरोड्याची बोली मला फारशी ऐकू येत नाही. माणसे विचार करतात ती सुभाषितांत आणि बोलतात ती शुद्ध मराठीत. उपमांचा जो सोस त्यांच्यावर नेहमी लादला जातो तो मला तितका खटकत नाही. खटकते ते हे की अठरा वर्षे ज्या मुलांच्या तोंडून 'माका', 'तुका' ऐकले, त्यांचा आवाज त्या गद्याने बाहेरच ठेवला. यात वैयक्तिक दोष काढण्यात अर्थ नाही. त्या काळी मराठी लेखक होणे म्हणजे पुणेरी प्रमाणभाषेत लिहिणे, आणि खांडेकर मुळात सांगलीचे. पण माझ्या लाल शाईची वंशावळ शोधायला निघालो तर ती अशा थोर माणसांच्या घरावरूनही जाते, हे मला नाकारता येत नाही.

मालवणी छापील पानावर नाही तर रंगमंचावर मोठी झाली. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' आले आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गावोगाव, पुढे परदेशातही नेले. त्याचे मोल मोठे आहे. मात्र त्यानंतर मालवणी ही हसण्याची भाषा म्हणून रूढ झाली, असेही मला वर्गात दिसले. एखाद्या मुलाने मालवणीत उत्तर दिले की वर्ग हसायचा, आणि हसणारी मुले स्वतः मालवणीच बोलणारी असायची.

धोरणे या सगळ्यावरून पावसासारखी येऊन गेली. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या काळात इंग्रजी आठवीपासून झाली, पुढे ती पाचवीवर आली, आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० च्या जूनपासून पहिलीला लागली. रचनापद्धती आली, संवादपद्धती आली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर-मद्रासकडे केलेल्या प्रयोगाबद्दल आम्ही प्रशिक्षणात ऐकले: व्याकरण न शिकवता मुलांना नकाशे, वेळापत्रके अशी कामे द्यायची, अर्थ लावता लावता भाषा येते. मी परत येऊन एसटीच्या वेळापत्रकावर तसा तास घेतला. मालवण-कुडाळ गाडी किती वाजता, कणकवलीची कधी चुकते. मुले कामात इतकी बुडाली की सगळी चर्चा मालवणीत झाली आणि इंग्रजीत फक्त उत्तरे आली, पण ती उत्तरे त्यांची स्वतःची होती. तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी विचारले, धडा कुठला चालू आहे?

आज बालभारतीचे 'माय इंग्लिश कोर्सबुक' जुन्या पुस्तकांपेक्षा खूपच मोकळे आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. मुलांना संवाद लिहायचा असतो, बातमी लिहायची असते, आकृतीवरून परिच्छेद करायचा असतो. गाईडवाल्यांनी यालाही साचे तयार केलेच. कोकण मंडळ २०१२ मध्ये वेगळे झाल्यापासून दहावीच्या निकालात सातत्याने राज्यात पुढे आहे, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटतो. पण मी ज्याविषयी बोलतो आहे ते त्या टक्क्यांत दिसत नाही. कृतिपत्रिकेत भाषांतराचा एक छोटा प्रश्न असतो: शब्द, वाक्य, म्हण. सूचना अशी की तुमच्या 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन' मध्ये भाषांतर करा. मातृभाषेत नव्हे, माध्यमात. हा शब्दप्रयोग ज्यांनी निवडला त्यांची अडचण मला कळते. राज्यभर परीक्षक एक हवेत, उत्तरे तपासता आली पाहिजेत. पण म्हणींचा प्रश्न माध्यमात सोडवायला सांगणे मला गमतीचे वाटते. म्हण माध्यमात जन्मत नाही, घरात जन्मते.

वर्गाबाहेर इंग्रजी कधीच किनाऱ्यावर उतरली आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आता तारकर्लीला स्कूबा आहे, स्नॉर्केलिंग आहे, घराघरावर होम स्टेच्या पाट्या आहेत. इंजिन, ट्रॉलर, पर्ससीन, एलईडी हे शब्द मासेमारीच्या भांडणांत रोज वापरले जातात, आणि त्या भांडणांवर लोकांचे पोट अवलंबून आहे. हे शब्द मालवणी व्याकरणात मुरले आहेत: 'ट्रॉलर इलो', 'बुकिंग झाला'. त्यांच्या आधी पोर्तुगीज आले होते आणि 'जनेल' ठेवून गेले. किनाऱ्याला परकी भाषा पचवायची सवय जुनी आहे. नववीतला मुलगा सुट्टीत पाहुण्यांना होडीतून किल्ल्यावर नेतो, त्यांना लाईफ जॅकेट घालायला लावतो, इंग्रजीत सांगतो की पुढे खडक आहे. सोमवारी वर्गात मात्र तो 'पर्यटनाचे महत्त्व' गाईडातून उतरवतो, कारण त्याची होडीतली इंग्रजी उत्तरपत्रिकेत चालेल असे त्याला कोणी सांगितलेले नाही. एका मुलाला मी ते होडीतले बोलणे जसेच्या तसे वहीत लिहायला लावले. तीन वाक्ये लिहून तो थांबला आणि म्हणाला, "सर, ह्या खरा इंग्लिश नाय."

मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पटसंख्या घटल्यामुळे आसपासच्या काही शाळांत आता चार-पाच मुले उरली आहेत, आणि ज्यांना परवडते ते पालक इंग्रजी माध्यमाकडे किंवा निदान सेमी इंग्रजीकडे वळले आहेत. त्यांना दोष देण्याचे माझे धाडस नाही. मी शिकवलेल्या तासानेच त्यांना सांगितले की इंग्रजीकडे जायचे तर घरची भाषा दारात काढून ठेवावी लागते. त्यांनी हिशेब पुढे नेला आणि प्रमाण मराठीही दारात काढून ठेवली.

परीक्षेच्या आधी शेजारची मुले अजून सराव कृतिपत्रिका तपासून घ्यायला येतात. गेल्या फेब्रुवारीत एकाने भाषांतराच्या प्रश्नात 'इलो हा' लिहिले होते. मी पूर्ण गुण दिले, शेजारी 'आला आहे' असे पेन्सिलीने लिहिले आणि त्याला सांगितले की बोर्डाच्या पेपरात हे दुसरे लिही. तो म्हणाला, मग पहिल्याला गुण कशाला दिलेत?